जौहरदार पोलादाची शिकारी सुरी

जौहरदार पोलादाची शिकारी सुरी ही पात्याच्या अंगावर लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी किंवा वाहत्या पाण्यासारखी नक्षी दिसणारी आणि बहुधा लाकडी मूठ बसविलेली एकधारी सुरी होय. ही नक्षी वरून कोरलेली किंवा रंगविलेली नसते. ती पोलादाच्या आतल्या घडणीतूनच आलेली असते आणि सौम्य आम्लाने पाते धुतल्यावर प्रकट होते. इंग्रजीच्या प्रभावामुळे अशा पोलादाला हल्ली सर्रास ‘दमास्कस’ म्हटले जाते. तथापि या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी बनविलेली पोलादे मोडतात आणि त्यांतील जुनी पद्धत दख्खनची आहे. आज हाताने घडविल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व नक्षीदार सुऱ्या दुसऱ्या, म्हणजे थर जोडण्याच्या पद्धतीने बनतात.

नाव

‘जौहर’ हा शब्द फारसी-अरबी असून त्याचा अर्थ रत्न, सत्त्व किंवा अंगभूत गुण असा होतो. ‘जवाहीर’ हा मराठीत रुळलेला शब्द त्याच मुळातील आहे. हत्यारांच्या संदर्भात पात्यावर दिसणाऱ्या नैसर्गिक नक्षीला जौहर म्हणत. राजपूत स्त्रियांच्या जोहार या प्रथेशी या अर्थाचा संबंध नाही. मराठीत तलवारीचे ‘पाणी’ आणि ‘पाणीदार’ पाते असे शब्दप्रयोग आहेत. मात्र हे पाणी मुख्यतः पात्याला दिलेल्या कठीणपणाचे, म्हणजे तापवून द्रवात बुडविण्याच्या क्रियेचे द्योतक आहे, नक्षीचे नव्हे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण सुरीचा गुण पाण्यावर अवलंबून असतो, जौहरावर नाही.

युरोपीय भाषांत रूढ झालेला ‘वूट्झ’ हा शब्द कन्नड-तेलुगू ‘उक्कू’ (पोलाद) या शब्दाचे रूपांतर मानला जातो.

दोन पोलादे

पहिली पद्धत मुशीतल्या पोलादाची. लोखंडाचे तुकडे मातीच्या बंद मुशीत वनस्पतिजन्य पदार्थांसह घालून ती मूस अनेक तास भट्टीत तापवीत. लोखंड कर्ब शोषून घेई, पूर्ण वितळे आणि सावकाश थंड होऊन त्याचा छोटा गोळा तयार होई. दक्षिणेतील वर्णनांत मुशीत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालीत असे उल्लेख आहेत. ही दोन्ही झाडे बारामती-इंदापूरच्या माळरानांवर आजही जागोजाग दिसतात. या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण १.५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या पोलादाच्या मानाने बरेच जास्त असे. हा गोळा मंद लाल उष्णतेत, पुन्हा पुन्हा तापवून, धीराने ठोकला तरच त्याचे पाते होई. पांढराशुभ्र तापविल्यास तो घणाखाली चुरा होई. युरोपातील अनेक लोहारांचे प्रयोग याच कारणाने फसले.

तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे या उद्योगाचे प्रसिद्ध केंद्र होते. तेथील पोलाद विकत घेण्यासाठी इराणमधून व्यापारी येत. म्हणजे ‘दमास्कस’ म्हणून जगभर नावाजलेल्या पात्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर भारतातून जात होता. पाश्चात्त्य विज्ञानाची या पोलादाशी ओळख मुंबईमार्गे झाली. मुंबईत राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये सर जोसेफ बँक्स यांच्याकडे नमुने पाठविले आणि त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही जेम्स स्टोडार्ट यांच्यासह या पोलादावर प्रयोग केले. एकोणिसाव्या शतकात ही विद्या जवळजवळ लोपली. विसाव्या शतकाच्या अखेरीस धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि पाते घडविणारे आल्फ्रेड पेंड्री यांनी अशी नक्षी पुन्हा साधून दाखविली. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश असेल तरच कर्बाचे कठीण कण ओळीने मांडले जातात आणि नक्षी उमटते, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यामुळे विशिष्ट खाणींचे लोखंड संपले तेव्हा विद्याही नकळत हातची गेली, हे स्पष्टीकरण पुढे आले. ते पटण्याजोगे असले तरी आयात केलेल्या स्वस्त पोलादाने देशी भट्ट्या विझविल्या, हे कारणही तितकेच खरे आहे.

दुसरी पद्धत थरांच्या पोलादाची. येथे काहीही वितळवीत नाहीत. दोन वेगळ्या रचनांच्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, घणाने ठोकून एकजीव करतात आणि मग त्यांची घडी घालतात, पीळ देतात किंवा त्यांवर खाचा पाडतात. युरोपात मध्ययुगाच्या आरंभीच्या तलवारी अशा बनत. भारतात बंदुकांच्या नळ्या पिळलेल्या पट्ट्यांपासून करीत. आधुनिक काळात या पद्धतीचे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले. बिल मोरन यांनी १९७३ मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि १९७६ मध्ये तेथे पाते घडविणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. ‘दमास्कस’ हे नाव या सुऱ्यांना तेव्हापासून पक्के चिकटले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मराठेशाहीच्या काळातील हत्यारांत तलवार, पट्टा, कट्यार, बिचवा, खंजीर, पेशकब्ज अशी विविधता आढळते. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रांच्या नावांसाठी स्वतंत्र ‘शस्त्रवर्ग’ आहे. आजच्या शिकारी सुरीला रूपाने सर्वांत जवळचे जुने हत्यार म्हणजे ‘कार्द’. सरळ, एकधारी, कमरेला खोचण्याजोगी ही सुरी इराणी वळणाची असून तिची पाती पुष्कळदा मुशीतल्या जौहरदार पोलादाची असत. पुण्यातील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आणि मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जुनी हत्यारे पाहता येतात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात संस्थानी शिकारीच्या काळातील वस्तूही आहेत.

बारामती आणि इंदापूर तालुके

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांना हत्यारांचा इतिहास नवा नाही. बारामती तालुक्यातील सुपे हा परगणा भोसले घराण्याच्या जहागिरीत होता आणि मालोजीराजे भोसले यांना इंदापूर येथे रणांगणावर मृत्यू आला. परंतु या भागातील लोहारकाम ज्यावर टिकले ते हत्यार तलवार नव्हे, तर ऊसतोडीचा कोयता होय.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसविले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने झाले. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. त्यांच्या व्यवहारात ‘कोयता’ हे केवळ हत्याराचे नाव नाही. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाची उचल त्याच हिशेबाने दिली जाते आणि एकट्या कामगाराला ‘अर्धा कोयता’ म्हणतात.

हे कोयते आणि विळे, कुऱ्हाडी, फाळ घडविण्याचे आणि शेवटण्याचे काम गावचे लोहार व भटके घिसाडी करीत आले. लोहार बारा बलुतेदारांपैकी एक होता. घिसाडी मात्र गावगाड्याबाहेरचे असून बिऱ्हाडासह फिरत आणि रस्त्याकडेला पाल ठोकून भाता लावत. त्यांची बोली गुजरातीशी जवळीक सांगणारी आहे. महाराष्ट्रात त्यांचा समावेश भटक्या जमातींत होतो. त्यांच्या कामातील एक गोष्ट कोणाच्याही नजरेत भरते: सांडशीत लाल लोखंड धरून पुरुष लहान हातोडीने जागा दाखवितो आणि घण बहुधा स्त्री चालविते. हातोडीचा ठोका पडेल तेथेच घण पडला पाहिजे. हा ठेका चुकला तर काम बिघडते.

कच्चा माल म्हणून मालमोटारीच्या जुन्या पाट्यांचे पोलाद वापरतात. यात कर्ब साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, त्यामुळे पाते चिवट होते आणि फडातच कानशीने धार लावता येते. पूर्वी पोलाद महाग असताना कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे करून धारेपुरते पोलाद भट्टीत जोडीत. थरांच्या नक्षीदार पात्यातील मूळ कौशल्य हेच आहे. फरक इतकाच की तेथे एक जोड लागे, येथे शेकडो लागतात. त्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्याने साखर यंत्रांपासून अंतराळ अग्निबाणांच्या कवचांपर्यंत मजल मारली. भाता मात्र अजून पालापुढेच आहे.

घडण

थरांच्या सुरीसाठी दोन पोलादे अशी निवडतात की दोन्ही कठीण होऊ शकतील, पण आम्लात त्यांचा रंग वेगळा दिसेल. बहुतेक कारागीर सुमारे १ टक्का कर्बाचे साधे पोलाद आणि सुमारे २ टक्के निकेल असलेले पोलाद घेतात. पहिले आम्लात काळे पडते, दुसरे चकाकत राहते. लाकूड कापणाऱ्या काही पट्टा-करवतींच्या पात्यांत असे निकेलचे पोलाद असते. मऊ लोखंड मिसळल्यास नक्षी ठळक दिसते, पण धार टिकत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी भट्टीत घालणे धोक्याचे आहे, कारण त्यातून निघणारा धूर अंगाला बाधतो.

पट्ट्यांवरील गंज व तेल घासून काढतात, सात किंवा अधिक पट्ट्या आलटून-पालटून रचतात आणि टोके तारेने किंवा वेल्डिंगने बांधतात. गठ्ठा लाल झाला की त्यावर टाकणखार टाकतात. तो वितळून काचेसारखा पसरतो, हवा अडवितो आणि तयार झालेली पपडी विरघळवून बाहेर नेतो. नंतर गठ्ठा पिवळसर पांढरा होईपर्यंत, सुमारे १,२०० ते १,३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. त्याचा पृष्ठभाग ओलसर, लोण्यासारखा दिसू लागतो. पहिले ठोके हलके असतात. त्यांचा हेतू आकार देणे हा नसून थर चिकटविणे हा असतो. जोरात मारल्यास थर घसरतात आणि वितळलेला खार अंगावर उडतो. ठिणग्या फुटू लागल्या तर पोलाद जळू लागले असे समजावे. जळलेले पोलाद पुन्हा सुधारत नाही.

जोड बसल्यावर गठ्ठा लांब करून, मधोमध छिन्नीने कापून, घासून, दुमडून पुन्हा जोडतात. सात थरांचे एका घडीत चौदा, पाच घड्यांत २२४ होतात. दर तापण्यात पपडी झडते. अखेरीस सुरुवातीच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग राखेत जातो. थर जितके जास्त तितकी सुरी चांगली, हा समज खोटा आहे. इतक्या उष्णतेत कर्ब एका थरातून दुसऱ्या थरात पसरतो आणि काही घड्यांनंतर सर्वत्र जवळपास सारखा होतो. निकेल मात्र फारसे हलत नाही, म्हणून नक्षी राहते. ‘कठीण आणि मऊ थरांची धार करवतीसारखी चालते’ ही विक्रेत्यांची लाडकी कल्पना अशा पोलादाला लागू पडत नाही. थर फार वाढविले तर ते इतके बारीक होतात की पाते नुसते राखाडी दिसते.

नक्षीचे प्रकार हाताळणीवर ठरतात. कांब पिळली तर ताऱ्यांसारखी वर्तुळे येतात. पट्टीवर आडव्या खाचा पाडून ती पुन्हा सपाट ठोकली तर शिडी दिसते. उथळ खड्डे पाडून ठोकल्यास पावसाच्या थेंबांची नक्षी उमटते. काहीच न केल्यास हातोड्याच्या ओघाने लाकडासारख्या रेषा येतात. अनेक जाणकार हीच सर्वांत देखणी मानतात.

शिकारी सुरीचे पाते बहुधा ९ ते १२ सेंटिमीटर लांब आणि पाठीकडे ३ ते ४ मिलिमीटर जाड ठेवतात. कातडी सोलणे हे तिचे काम असल्याने धार पोटाकडे गोलाई घेते आणि टोक पाठीच्या रेषेखाली उतरते, म्हणजे कातडे फाटत नाही. रूप आल्यावर पाते दोन-तीनदा तापवून हवेत निववितात. त्यामुळे ठोकण्याचा ताण निघून जातो.

पाणी देणे

सर्वांत निर्णायक क्रिया हीच आहे आणि ती काही क्षणांत संपते. पाते समान लाल होईपर्यंत तापवितात. सुमारे ७७० अंशांच्या आसपास पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक, म्हणजे ८०० अंशांच्या जरा वर, ही योग्य वेळ होय. रंग नीट दिसावा म्हणून जुने कारागीर हे काम सावलीत किंवा सांजवेळी करीत. मग पाते कोमट तेलात सरळ, न हलविता टोकाकडून बुडवितात. तिरके बुडविल्यास ते वाकते. पाण्यात बुडविल्यास थरांच्या पात्याला तडा जाण्याचा संभव अधिक असतो. महिन्याभराचे काम ‘टिक्’ अशा बारीक आवाजाने संपुष्टात येते ते येथेच.

या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजतात. घासलेल्या भागावर गवतासारखा फिका पिवळा रंग चढला की पुरे. निळा रंग आला तर धार मऊ झाली असे समजतात. कोयत्याला मात्र दगड-मातीचा मार सोसावा लागतो, म्हणून त्याची धार मुद्दाम मऊ ठेवतात.

जौहर काढणे आणि मूठ

पाते कानस व पॉलिश कागदाने आरशासारखे घासल्यावर पाण्यात पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटे बुडवितात. पूर्वी या कामी हिराकस वापरीत आणि पाती घासून चमकविण्याचे काम शिकलगार करीत. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव आजही आढळते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन आम्ल मारतात. काळे थर किंचित झिजलेले असल्याने नक्षी बोटालाही जाणवते.

मुठीसाठी घट्ट, जड, पाण्याने न फुगणारे लाकूड लागते. शिसवी सर्वांत मानाची, पण तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि तिचा भुसा काहींना बाधतो. बारामती-इंदापूरकडे हत्यारांच्या दांड्यांना बाभूळ वापरतात. तिचा तांबूस गाभा टणक, चिवट आणि सहज मिळणारा आहे. ओले लाकूड कधीही वापरू नये. ते वाळताना आकसते आणि मूठ खिळखिळी होते. कोयत्याच्या मुठीत पात्याचे निमुळते टोक तापवून ठोकतात आणि तोंडाशी लोखंडी शेंबी बसवितात. शिकारी सुरीत पात्याचे पोलादच मुठीच्या टोकापर्यंत नेऊन दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फाळी पितळी खिळ्यांनी जोडण्याची रीत अधिक आहे. पूर्वी खाचेत लाख किंवा राळ ओतीत, आता इपॉक्सी वापरतात. शेवटी जवसाचे तेल चार-पाच वेळा चोळतात.

पारख

बाजारात अनेक पात्यांवर नक्षी केवळ वरवर छापलेली असते. खऱ्या पात्यात रेषा पाठीवरून वळून दुसऱ्या अंगाला गेलेल्या दिसतात आणि घासून पुसल्या तरी पुन्हा आम्लात धुतल्यावर त्याच जागी येतात. मात्र खरी नक्षी म्हणजे चांगली सुरी नव्हे. मऊ लोखंडाचे, पाणी न दिलेले पातेही तितकेच सुंदर दिसू शकते. थरांमधली न बसलेली काळी भेग धारेपर्यंत आली असेल तर ते पाते निकामी समजतात.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे नियंत्रित आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली त्यांतून वगळली आहेत. कोयता शेतीचे अवजार म्हणून या अपवादात बसतो, जरी अलीकडे पुणे शहरातील गुन्ह्यांमुळे ‘कोयता गँग’ हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला असला तरी. शिकारी सुरी लहान असल्याने बहुधा मर्यादेच्या आत येते.

शिकार मात्र बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सुमारे ५ चौरस किलोमीटरच्या या गवताळ माळावर चिंकारा हरणे आहेत. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा व लांडगे आढळतात. त्यामुळे नाव शिकारी असले तरी येथे ही सुरी संग्रहासाठी, स्वयंपाकासाठी किंवा रानातील किरकोळ कामासाठीच वापरता येते.

निगा

कर्बाचे पोलाद गंजते. वापरानंतर पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवितात. पावसाळ्यात ते चामड्याच्या म्यानात ठेवीत नाहीत, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पात्यावर डाग पडतात. लिंबू किंवा चिंच लागल्यास नक्षीचा रंग बदलतो. ती फिकी झाली तर पाते पुन्हा घासून आम्लात धुतात.